बोट, काच आणि अडीच वॅट: हातात मावणारे टचस्क्रीन संगणक कसे घडले

5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेटचं अनावरण झालं. सरकारी खरेदीची किंमत 2,276 रुपये, पडदा 7 इंची, प्रोसेसर 366 मेगाहर्ट्‌झचा, रॅम 256 एमबी. विद्यार्थ्यांच्या हाती स्वस्तात संगणक द्यायचा, हा त्यामागचा हेतू. पण वापरणाऱ्यांच्या तक्रारी सारख्याच निघाल्या: बोट जोर देऊन दाबावं लागतं, पान सरकवायला गेलं की अडकतं, आणि दोन-तीन तासांत बॅटरी बसते. पुढच्या वर्षी, 11 नोव्हेंबर 2012 ला, ‘आकाश-2’ आला. किंमत जवळपास तीच, 2,263 रुपये. पण प्रोसेसर 1 गिगाहर्ट्‌झचा, रॅम दुप्पट आणि पडदा बोट नुसतं टेकलं तरी ओळखणारा. या दुसऱ्या आवृत्तीची जबाबदारी पवईच्या आयआयटी मुंबईकडे होती.

तेरा महिन्यांत, तेवढ्याच पैशांत, एवढा फरक कसा पडला? एखाद्या हुशार शोधामुळे नाही. तोवर बोट ओळखणारी काच, कमी वीज खाणारी चिप, पातळ बॅटरी आणि फिरते भाग नसलेली साठवण हे चारही सुटे भाग एकाच वेळी स्वस्त होत आले होते. त्यातला प्रत्येक भाग त्याआधी निदान वीस वर्षं अस्तित्वात होता. टॅबलेट 1990 मध्ये का रुजला नाही आणि 2010 नंतर का रुजला, हे समजून घ्यायचं तर या भागांकडे जवळून बघायला हवं. सुरुवात पडद्यापासूनच करावी लागते, कारण बाकी सगळी रचना त्याच्याभोवती होते.

दाब ओळखणारा पडदा

पहिल्या आकाशमध्ये रेझिस्टिव्ह पडदा होता. खाली काच, वर लवचिक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, आणि दोघांच्या समोरासमोरच्या बाजूंवर इंडियम टिन ऑक्साइडचा मुलामा. या धंद्यात त्याला सगळे ‘आयटीओ’ म्हणतात. साधारण 90 टक्के इंडियम ऑक्साइड आणि 10 टक्के टिन ऑक्साइड असं हे मिश्रण. ते वीज वाहून नेतं आणि तरीही त्याच्या आरपार दिसतं. टचस्क्रीन शक्य झाला तो या दुर्मीळ जोडीमुळे. दोन्ही थर आपोआप चिकटू नयेत म्हणून मध्ये डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक ठिपके असतात. बोटानं दाबलं की वरचा पापुद्रा वाकतो आणि त्या जागी खालच्या थराला टेकतो.

जागा ओळखायची रीत अगदी साधी आहे. खालच्या थराच्या डाव्या कडेला 0 व्होल्ट आणि उजव्या कडेला 3.3 व्होल्ट दिले, की मधल्या प्रत्येक ठिकाणी व्होल्टेज सरळ रेषेत चढत जातं. वरचा थर मोजणीच्या तारेसारखा वापरायचा. तिथे 1.65 व्होल्ट आले तर बोट बरोबर मधोमध आहे. 2.475 आले तर डावीकडून तीन चतुर्थांश अंतरावर आहे. लगेच थरांच्या भूमिका उलटवायच्या: वरच्या थराला वरून खाली व्होल्टेज द्यायचं, खालच्यानं मोजायचं, की उभं अंतर कळतं. हे सेकंदाला शंभरेक वेळा करायचं. चार तारा आणि एक साधी मोजणी चिप एवढ्यावर काम भागतं, म्हणून हा पडदा स्वस्त. नख, पेनाचं टोक, हातमोजा, काहीही चालतं. कारखान्यातल्या यंत्रांवर तो आजही सर्रास दिसतो आणि तिथे तो योग्यच आहे.

हातातल्या संगणकासाठी मात्र त्याचे तीन दोष फार जड पडतात. दोन बोटं टेकवली तर पडद्याला दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एकच बिंदू दिसतो, म्हणजे दोन बोटांनी चित्र मोठं करणं बाद. वरचं प्लास्टिक घासतं, सैल पडतं, आणि मग कोपऱ्यांतल्या फुल्यांवर टिचकी मारून पुन्हा पुन्हा माप जुळवावं लागतं. तिसरा दोष चटकन लक्षात येत नाही: दोन मुलामे, प्लास्टिक आणि मधली हवा मिळून पडद्याचा सुमारे पाचवा हिस्सा प्रकाश गिळतात. तेवढा उजेड भरून काढायला मागचा दिवा जास्त प्रखर ठेवावा लागतो, आणि तो भार थेट बॅटरीवर येतो.

स्पर्श ओळखणारा पडदा

आज टॅबलेटवर आणि फोनवर असतो तो कपॅसिटिव्ह पडदा. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्ये विमान वाहतूक नियंत्रणासाठी असा पडदा मांडला होता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेत बेंट स्टुम्प आणि फ्रँक बेक यांनी तिथल्या नव्या त्वरकाच्या (अणूतल्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) नियंत्रण कक्षासाठी पारदर्शक कपॅसिटिव्ह बटणांचा पडदा करून दाखवला. तरी घराघरांत यायला त्याला आणखी पस्तीस वर्षं लागली.

या पडद्यात काहीही वाकत नाही. काचेखाली आयटीओच्या आडव्या पट्ट्यांचा एक थर आणि उभ्या पट्ट्यांचा दुसरा. प्रत्येक छेदावर दोन पट्ट्यांच्या मध्ये एक अतिसूक्ष्म कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारी जागा, आपोआप तयार होतो. त्याची क्षमता साधारण एक पिकोफॅरडच्या घरात. आपलं शरीर खारं पाणी धरून ठेवणारं, म्हणजे विजेचं चांगलं वाहक. बोट जवळ आलं की पट्ट्यांमधल्या विद्युतक्षेत्राचा काही भाग बोटाकडे वळतो आणि त्या छेदाची क्षमता थोडी घटते. हा बदल मोजला की स्पर्श कळला.

पट्ट्यांमधलं अंतर बहुधा 5 मिलिमीटरच्या आसपास असतं. 217 गुणिले 136 मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे 10 इंची पडदा घेतला तर 43 उभ्या आणि 27 आडव्या पट्ट्या, एकूण 1,161 छेद. एकेका आडव्या पट्टीत ठरावीक वारंवारतेचा सिग्नल सोडायचा आणि सगळ्या उभ्या पट्ट्यांवर तो किती पोहोचला ते वाचायचं. असा पूर्ण पडद्याचा फेरा सेकंदाला 60 ते 120 वेळा. प्रत्येक छेदाचं माप वेगळं येत असल्यामुळे दहा बोटं टेकली तरी दहाही वेगवेगळी दिसतात.

मग प्रश्न असा, की पट्ट्या 5 मिलिमीटरवर आणि रेघ तर केसासारखी बारीक उमटते, ती कशी? उत्तर सरासरीत आहे. समजा शेजारच्या तीन छेदांवर, 0, 5 आणि 10 मिलिमीटरवर, बदलाचे आकडे 10, 60 आणि 30 आले. प्रत्येक अंतराला त्याच्या आकड्यानं गुणा, बेरीज 600 येते. आकड्यांच्या बेरजेनं, म्हणजे 100 नं भागा. उत्तर 6.0 मिलिमीटर. बोट एकाच वेळी दोन-तीन छेदांवर पसरतं म्हणूनच हे जमतं. अगदी बारीक, धातूचं टोक असलेली साधी सळई या पडद्यावर नीट चालत नाही त्याचं कारणही हेच. बिनबॅटरीच्या स्वस्त पेनांना रबराचं जाड बोंडूक किंवा पारदर्शक चकती लावलेली असते ती बोटाइतकं क्षेत्र भरून काढायला. खरं बारीक लिहायचं असेल तर पेन आणि पडदा दोघांनी मिळून काम करावं लागतं. एका पद्धतीत पेनात बॅटरी असते आणि टोकातून सिग्नल निघतो. दुसऱ्या, वॅकॉम कंपनीच्या पद्धतीत पडद्यामागे तारांचं वेगळं जाळं असतं आणि पेनातली गुंडाळी त्याच्याकडूनच शक्ती घेते, त्यामुळे पेनाला बॅटरी लागत नाही. टॅबलेट घेताना ‘पेन चालतो’ एवढ्यावर समाधान मानू नये. यातला कोणता पेन चालतो, ते विचारावं.

वरची काच साधी नसते. ती वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, सुमारे 400 अंश सेल्सियसला, काही तास बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन घुसतात. भरलेल्या लोकलच्या डब्यात सडपातळ माणसाच्या जागी धिप्पाड माणूस शिरावा तशी सगळी दाटी होते आणि पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो. तडा पसरायला आधी हा दाब मोडावा लागतो. म्हणून अर्धा-पाऊण मिलिमीटरची काचही रोजची वागणूक सोसते. कडेला मात्र एखादी खोल चीर पडली, की ती दाबाचा थर ओलांडून आत पोहोचते आणि मग हलक्या धक्क्यानंही काच फुटते. कडा झाकणारं कव्हर हे पडद्यावरच्या टेम्पर्ड ग्लासइतकंच गरजेचं आहे, आणि लोक नेमकं तेच टाळतात.

अडीच वॅटचा हिशेब

एप्रिल 2010 मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या आयपॅडची बॅटरी 25 वॅट-तासांची होती आणि कंपनीनं सांगितलेला वेळ होता 10 तास. भागाकार केला तर वापर निघतो 2.5 वॅट. आता आकाश: 2,100 एमएएचची बॅटरी, लिथियमचं सरासरी व्होल्टेज 3.7 धरलं तर 7.8 वॅट-तास. सांगितलेला वेळ 3 तास. वापर 2.6 वॅट.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत असे आहेत. आयपॅडचा पडदा 9.7 इंची, क्षेत्रफळानं आकाशच्या दुपटीहून मोठा, आणि प्रोसेसर 1 गिगाहर्ट्‌झचा. तरीही दोघांची विजेची भूक सारखीच. म्हणजे आकाशची अडचण नुसती छोट्या बॅटरीची नव्हती, मिळालेल्या विजेत काम कमी होत होतं. स्वस्त वस्तू कमी वीज खाते हा समज इथे पार उलटा पडतो.

वापर अडीच वॅटच्या आसपासच का ठेवायचा, यालाही कारण आहे. टॅबलेटला पंखा नसतो. आतली सगळी उष्णता मागच्या झाकणातून आणि काचेतून बाहेर पडते, आणि ते झाकण माणसाच्या हातात असतं. सतत 5-6 वॅट खर्च होऊ लागले की हाताला चटका जाणवतो आणि चिप स्वतःहून वेग कमी करते. दुसरं कारण वजनाचं. लिथियम बॅटरीत किलोमागे साधारण 150 ते 200 वॅट-तास साठतात. 25 वॅट-तासांना साधारण 125 ते 165 ग्रॅम लागतात. पहिला आयपॅड 680 ग्रॅमचा होता. त्या काळचा साधा लॅपटॉप 15-20 वॅट सहज घ्यायचा. तोच दहा तास चालवायचा तर एकट्या बॅटरीचं वजन किलोभर झालं असतं.

हे अडीच वॅट खातं कोण? सर्वांत मोठा वाटा पडद्यामागच्या दिव्याचा. एलसीडीमध्ये ध्रुवीकरणाचे थर आणि रंगांची गाळणी यांतून जाताना दिव्याचा 90 टक्क्यांहून जास्त प्रकाश वाटेतच संपतो. ब्राइटनेस पूर्ण वरून निम्म्यावर आणला की बॅटरी ठळकपणे जास्त का टिकते, ते यावरून कळावं. बाकी कुठल्याही ‘बॅटरी सेव्हर’ उपायात इतका दम नाही.

दुसरा वाटा प्रोसेसरचा. चिपमधला विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. व्होल्टेज 1.2 वरून 0.9 वर आणलं तर त्याच वेगाला खर्च 44 टक्क्यांनी घटतो. म्हणून चांगली चिप गरज नसताना वेग आणि व्होल्टेज दोन्ही पाडते, आणि काम पटकन उरकून झोपी जाते. या शिस्तीच्या चिपा आल्या केंब्रिजमधून. एकॉर्न कंपनीत 1985 मध्ये पहिली एआरएम चिप चालली. 1990 मध्ये एकॉर्न, ॲपल आणि व्हीएलएसआय यांनी मिळून एआरएम ही वेगळी कंपनी काढली. ती स्वतः चिप विकत नव्हती, आराखडा भाड्यानं देत होती. म्हणूनच वीस वर्षांनी चिनी कंपन्यांना तोच आराखडा घेऊन स्वस्त टॅबलेटसाठी तयार चिपा काढता आल्या. आकाश-2 मधला कॉर्टेक्स-ए8 हा त्याच घराण्यातला.

साठवणीचं थोडक्यात. फिरती हार्ड डिस्क वीज खाते आणि पडली की जाते. फ्लॅश मेमरीचा स्वस्त प्रकार, नँड, तोशिबात फुजिओ मासुओका यांच्या गटानं 1987 मध्ये जगापुढे मांडला. पण त्याचे भाव खाली यायला संगीताचे छोटे प्लेअर आणि डिजिटल कॅमेरे यांचा मोठा खप व्हावा लागला. टॅबलेटला तो आयता मिळाला.

आधीचे प्रयत्न कुठे अडले

1989 चा ग्रिडपॅड सुमारे दोन किलोंचा होता आणि पेनानं चालायचा. जेफ हॉकिन्स यांनी तो घडवला. 1993 मध्ये ॲपलचा न्यूटन आला: 20 मेगाहर्ट्‌झची एआरएम चिप, दाब ओळखणारा पडदा, किंमत 699 डॉलर. त्याची सगळी भिस्त हस्ताक्षर ओळखण्यावर होती आणि सुरुवातीला नेमकं तेच फसलं. माणसानं हवं तसं लिहावं आणि यंत्रानं ओळखावं, ही मागणी तेव्हाच्या चिपला पेलणारी नव्हती.

हॉकिन्स यांनी 1996 च्या पाम कंपनीच्या ‘पायलट’मध्ये उलटी वाट धरली. यंत्राला जमतील अशी ‘ग्रॅफिटी’ नावाची सोपी अक्षरं ठरवली आणि ती माणसाला शिकायला लावली. पडदा 160 गुणिले 160 ठिपक्यांचा, करडा, मागे दिवा नाही. साध्या दोन ट्रिपल-ए सेलवर कित्येक आठवडे चालायचा. किंमत 299 डॉलर. माझ्या मते छोट्या संगणकांच्या इतिहासात मर्यादा ओळखून केलेली इतकी नेमकी रचना दुसरी नाही. तोटा एकच: माहिती रॅममध्ये असायची, सेल बदलायला मिनिटाहून जास्त उशीर झाला तर सगळं पुसलं जायचं.

आपल्याकडे बंगळूरमध्ये भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक विजय चंद्रू, स्वामी मनोहर, व्ही. विनय, रमेश हरिहरन आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे लोक यांनी 2001 मध्ये ‘सिम्प्युटर’ पुढे आणला. लिनक्स, एआरएम घराण्यातलीच स्ट्राँगआर्म चिप, पेन, भारतीय भाषांत बोलून दाखवायची सोय, आणि स्मार्ट कार्डाची खाच. गावात एकच यंत्र असावं आणि प्रत्येकानं आपली माहिती आपल्या कार्डावर ठेवावी, असा विचार त्यामागे होता. 2004 मध्ये बाजारात आलेल्या ‘अमिडा’ सिम्प्युटरमध्ये हातात यंत्र कलवून पान उलटायची सोय होती. आयफोनच्या तीन वर्षं आधी. पण तेव्हा गावात मोबाइल इंटरनेट नव्हतं, आणि भाग परदेशातून थोड्या संख्येनं घ्यावे लागत असल्यानं किंमत खाली येईना. विचार योग्य होता, सुटे भाग अजून स्वस्त झाले नव्हते.

2002 च्या अखेरीस विंडोजचे ‘टॅबलेट पीसी’ आले. त्यांत लॅपटॉपचीच चिप, लॅपटॉपचंच वजन, आणि माउससाठी काढलेले मेनू. बोटाचं टोक काचेवर 7 ते 10 मिलिमीटर जागा व्यापतं. माउसचा बाण एका ठिपक्यावर येतो. बारीक फुलीवर बोट नेमकं पडणार कसं? म्हणून पेन हवाच. जून 2007 मध्ये विक्रीला आलेल्या आयफोननं हा गुंता सोडवला तो कपॅसिटिव्ह पडद्याला साजेशी संपूर्ण मांडणी नव्यानं करून. अनेक बोटांच्या स्पर्शावर काम करणारी फिंगरवर्क्स ही छोटी कंपनी ॲपलनं 2005 मध्येच विकत घेतली होती. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांत आज कुठलंही बटण निदान 9 मिलिमीटरचं असावं असं सांगितलेलं असतं, तो हिशेब बोटाच्या रुंदीवरूनच आलेला आहे.

मराठीचा प्रश्न

पडदा सुधारला तरी आपली अडचण संपली नव्हती. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरी नीट मांडणारी यंत्रणाच नव्हती. युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी क आणि मग ऱ्हस्व वेलांटी असा क्रम असतो. दाखवताना वेलांटी डावीकडे न्यायचं काम सॉफ्टवेअरचं. ते होत नसल्यानं वेलांटी अक्षराच्या मागे लटकायची. ‘प्रत्येक’मधली जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली अक्षरं एकामागे एक दिसायची. विद्यार्थ्यांसाठीचं यंत्र आणि त्यावर मराठी धडा वाचता येत नाही, ही उणीव पडद्याच्या उणिवेपेक्षा लहान नव्हती. 2012 नंतरच्या आवृत्त्यांत हळूहळू ती भरून निघाली.

लिहिण्याची अडचण आणखी वेगळी. फोनच्या 65 मिलिमीटर रुंदीत दहा बटणं बसवली तर एक बटण साडेसहा मिलिमीटरचं. देवनागरीची व्यंजनं, स्वर, मात्रा, अनुस्वार, विसर्ग हे सगळं तेवढ्यात मावत नाही. संगणकावरच्या प्रमाण ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीसारखा कीबोर्ड मांडा तर निम्मी अक्षरं शिफ्टच्या मागे जातात. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात घडलेल्या ‘स्वरचक्र’ कीबोर्डनं यावर टचस्क्रीनचाच उपयोग केला. ‘क’वर बोट ठेवलं की त्याभोवती चक्र उमलतं: का, कि, की, कु, कू… हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलायचं. मात्रांसाठी वेगळी बटणं लागत नाहीत, आणि सगळी अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं समोर राहतात. ज्यानं आयुष्यात कधी टाइपरायटर पाहिला नाही त्यालाही हे चटकन जमतं. छापील बटणांच्या कीबोर्डवर असं काही करताच आलं नसतं.

काय बिघडतं आणि का

चार्जर लावल्यावरच टच वेडावाकडा चालतो, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. पडद्याचा सिग्नल काहीशे किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो आणि स्वस्त चार्जरचा गोंगाटही त्याच पट्ट्यात. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, त्यामुळे पूर्ण टॅबलेटच जमिनीच्या तुलनेत वरखाली डोलत असतो. आपण बोट टेकवलं की त्या पट्टीला जमिनीचा आधार मिळतो आणि गोंगाट नेमका तिथे उमटतो. म्हणून खोटे स्पर्श बहुधा बोटाच्या सरळ वर किंवा खाली, एकाच रेषेत दिसतात. धातूच्या पाठीवर हात फिरवताना झिणझिण्या येतात त्याचं मूळही हेच. केबल काढा, त्रास थांबला तर पडदा बदलू नका, चार्जर बदला.

ओल्या बोटांनी किंवा पावसाच्या थेंबांनी गोंधळ होतो, कारण पाणीही विद्युतक्षेत्र वळवतं. टचची चिप कुणी न शिवलेल्या पडद्याचं माप आठवणीत ठेवते आणि त्याच्याशी तुलना करते. थेंब किंवा तळहात पडद्यावर असतानाच यंत्र जागं झालं तर आठवणीतलं मापच चुकतं, आणि पुसल्यावरही त्या जागी काही वेळ स्पर्श लागत नाही. काच कोरडी करा, पडदा बंद करून काहीही न शिवता पुन्हा चालू करा.

जुना किंवा दुरुस्त केलेला टॅबलेट घेताना दोन मिनिटांची तपासणी करावी. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट टॅबलेट’खाली ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात. त्यात ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करा. आता बोटाच्या मागे रेघ उमटते आणि वरच्या पट्टीत किती बोटं टेकली आहेत त्याचा आकडा दिसतो. एका बोटानं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश तिरकी रेघ ओढा. रेघ नागमोडी आली तर पडदा हलक्या दर्जाचा. एखाद्या सरळ पट्टीत ती दर वेळी तुटत असेल तर त्या पट्टीची जोडणी गेली आहे. सॉफ्टवेअर रिसेट करून ती सुधारत नाही. मग दुकानदाराला विचारा: टच आणि डिस्प्ले वेगळे आहेत की फोल्डर? वेगळे असतील तर वरची टचची काच बदलून स्वस्तात भागतं. दोन्ही पारदर्शक गोंदानं चिकटवलेले असतील तर अख्खा फोल्डर बदलावा लागतो आणि खर्च टॅबलेटच्या निम्म्या किमतीपर्यंत जाऊ शकतो.

साठवण 90 टक्क्यांच्या वर भरली की टॅबलेट मंदावतो. फ्लॅशमध्ये लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी मोठा तुकडा पुसावा लागतो, आणि त्यासाठी आतला मजकूर इकडून तिकडे हलवायला मोकळी जागा लागते. 10-15 टक्के जागा कायम रिकामी ठेवा.

शाळांमधल्या टॅबलेटची अडचण मे महिन्यात सुरू होते. सुट्टी लागताना ते पूर्ण चार्ज करून किंवा पार रिकामे करून कपाटात जातात, दोन्ही वाईट. पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पडून राहिली की तिची क्षमता घटते, आत वायू धरतो, ती फुगते आणि पडदा कडेनं उचलला जातो. असा टॅबलेट चार्ज करू नये, दाबून बसवू नये, टोचून वायू तर मुळीच काढू नये, आग लागते. उलट रिकामी बॅटरी आपोआप झिजत सेलमागे तीन व्होल्टच्या खाली गेली की तिचं संरक्षक सर्किट जोडणी तोडतं आणि जूनमध्ये टॅबलेट ‘मेला’ म्हणून बाजूला काढला जातो. सुट्टीआधी 50-60 टक्के चार्ज ठेवून पूर्ण बंद करा, दिवसाही गार राहील अशा खोलीत ठेवा, आणि महिन्याभरानं एकदा चार्ज बघा. बंद पडलेला टॅबलेट फुगलेला नसेल तर दुरुस्तीला पाठवण्याआधी चांगल्या चार्जरवर निदान अर्धा-एक तास, पडद्यावर काही दिसत नसलं तरी, लावून ठेवा. इतक्या खाली गेलेली बॅटरी सुरुवातीला फार थोडा विद्युतप्रवाह घेते आणि पडदा उजळण्याइतकी वर यायला तिला तेवढा वेळ लागतो.